साक्षीदाराला खुर्ची आणि फिर्यादीला माहिती : पुण्यातले कोर्ट-चौकीचे अनुभव लिहा

मुठाकाठची

कोर्ट, पोलीस चौकी, जेल, यातल्या कुठल्याही दारात आपण गेलो की सगळ्यात आधी काय हरवतं, तर आपल्याच बाबतीत काय चाललंय ते कळणं. पैसे नंतर जातात, वेळ नंतर जातो. आधी हे जातं आणि ते गेलं की माणूस आपोआप हात जोडून उभा राहतो, शिपायापुढे पण आणि झेरॉक्सवाल्यापुढे पण. मला वाटतं सन्मान म्हणतात तो इथूनच सुरू होतो, कोणीतरी तुमच्याकडे बघून सांगावं की तुमचं काम आज होईल का, नसेल होणार तर का नाही, आणि तोवर इथे बसा. बस एवढंच. ह्याला बजेट लागत नाही.

लिहायचं कारण आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू. सत्तरी ओलांडलेल्या. सकाळी फिरायला गेलेल्या असताना बाईकवरच्या दोघांनी मंगळसूत्र ओढलं, त्या पडल्या, मनगट मोडलं. पोलिसांनी चोर पकडले, चार्जशीट झालं, इथपर्यंत ठीक. मग बऱ्याच काळाने साक्षीचं समन्स आलं आणि मी सोबत गेले. कोर्ट कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच असणार.

समन्सवर अकरा वाजता असं लिहिलेलं, काकू साडेदहालाच इस्त्रीची साडी नेसून हजर. पॅसेजमधलं बाकडं भरलेलं. एका मुलाने उठून जागा दिली तरी काकू बसेनात, कारण नाव पुकारलं आणि ऐकू नाही आलं तर? पाणी पिईनात, कारण लेडीज टॉयलेट कुठे ते माहीत नाही आणि तिकडे गेलो तेवढ्यात पुकारा झाला तर? आणि ज्याने मंगळसूत्र ओढलं तो, जामिनावर सुटलेला, त्याच पॅसेजमध्ये चार-पाच फुटांवर मोबाईल बघत उभा. काकूंनी त्याला ओळखलं, मी त्यांचा हात धरलेला होता म्हणून मला ते कळलं. त्यांनी पदर मानेभोवती घट्ट घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. जेवणाची सुट्टी झाली, परत उभ्या. साडेचार होऊन गेल्यावर आतून एक जण येऊन सांगतो, पुढची तारीख. का, ते विचारलं तर "बाई, सांगितलं ना तारीख पडली". घरी येताना रिक्षात काकू मला विचारतात, माझं काही चुकलं का गं?

तर मला दोन गोष्टी हव्यात. तुमचे अनुभव, वाईट तसेच चांगले पण. आणि ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी सांगा की ह्यात सामान्य माणसाला काय मागता येतं. "सगळी सिस्टीमच सडलीये" एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको, त्याने काकूंना पुढच्या तारखेला काहीच उपयोग नाही.

ओंकार_बाणेर

वाचतोय. आमच्याकडे आजोबा म्हणायचे शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पण तुमच्या काकूंनी चढली नसती तर तो चोर सुटलाच असता ना. शहाण्यांनी सगळ्यांनी घरी बसायचं ठरवलं तर खटले चालणार कसे.

वकील_शनिवारातला

ताई, काकूंना आधी सांगा की त्यांचं काहीही चुकलेलं नाही. जे तुम्ही लिहिलंय ते सुप्रीम कोर्टाने २००० साली स्वर्ण सिंग विरुद्ध पंजाब सरकार ह्या निकालात जवळजवळ असंच लिहून ठेवलंय, की साक्षीदाराला कोर्टात मान मिळत नाही, शिपाई त्याला गर्दीतून बाहेर ढकलतो, दिवसभर थांबल्यावर कळतं की तारीख पडली, बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, म्हणून लोक साक्षीदार व्हायला तयार नसतात. पंचवीस वर्षं झाली त्याला.

तारीख का पडते तर शंभर कारणं आहेत. दोन आरोपींपैकी एक जेलमध्ये असेल आणि त्याला आणायला पोलीस पार्टी मिळाली नाही, आरोपीचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकला, न्यायाधीश रजेवर, मुद्देमाल आला नाही. तुमच्या केसमध्ये हे शेवटचं पण असू शकतं, कारण मंगळसूत्र काकूंनी कोर्टात ओळखायला लागतं. अवांतर, ते मंगळसूत्र त्यांना परत मिळालंय का? नसेल तर अर्ज करा, असला ऐवज पंचनामा आणि फोटो करून लवकर परत द्यावा असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय. लोकांना वाटतं केस संपेपर्यंत ते पोलिसांकडेच राहणार.

आता काय मागता येतं. एक तर साक्षीदार हजर असताना साक्ष न घेता तारीख द्यायची तर कोर्टाला खास कारण लेखी नोंदवायला लागतं, हे जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, होतं आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पण आहे. त्यामुळे काकू हजर होत्या ही नोंद रोजनाम्यात, म्हणजे केसच्या त्या दिवसाच्या नोंदीत, यायलाच हवी, नम्रपणे पण स्पष्ट सांगा. जाण्यायेण्याचा खर्च मागता येतो, अर्ज साधा असतो, पण कोणी मागतच नाही. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे सकाळी कोर्ट बसायच्या आधी सरकारी वकिलांना गाठा, सोबत पैरवीचे (पोलिसांकडून कोर्टाचं काम बघणारे) हवालदार असतात त्यांना पण, आणि सांगा की फिर्यादी वयस्कर आहेत, त्यांची साक्ष आधी घ्यायची विनंती करा. बहुतेक न्यायाधीश ऐकतात. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहवत नसेल तर खुर्ची मागा, ती मागितली म्हणून कोणी रागवत नाही. आणि आरोपी शेजारीच उभा असेल तर तेही सरकारी वकिलांना त्याच क्षणी सांगा, नंतर घरी येऊन नाही.

धायरीकर

काकूंबद्दल वाईट वाटलं आणि त्यांच्यासाठी जे मागताय त्याला माझं पूर्ण अनुमोदन आहे. पण ह्या विषयावर नेहमी पुढे आरोपीच्या सन्मानाची गोष्ट येते म्हणून आधीच माझं मत लिहून ठेवतो. आमच्या गल्लीत रात्री कोयते घेऊन पोरं आली आणि लायनीत उभ्या असलेल्या गाड्या फोडत गेली, माझी गाडी त्यातच होती, अजून हप्ते चालू आहेत. माझी मुलगी तेव्हापासून क्लासवरून एकटी येत नाही. नंतर पोलिसांनी त्याच पोरांची त्याच गल्लीतून धिंड काढली, लोक गच्चीत आले, टाळ्या वाजल्या आणि हो मी पण वाजवल्या. कारण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी आपल्या बाजूने आहे. ज्याने दहशत बसवली त्याला थोडी लाज वाटायला लावली तर त्यात एवढं काय वाईट, हे मला कोणीतरी समजावून सांगा, मी खरंच विचारतोय.

वकील_शनिवारातला

धायरीकर साहेब, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत ते बरं झालं कारण अर्ध्या पुण्याचं मत हेच आहे. तत्त्वाचं बोलायचं तर १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला केसमध्ये बेड्यांबद्दल कोर्ट म्हणालं की सरसकट बेड्या घालणं अमानुष आहे, १९९६ मध्ये डी. के. बसू निकालात अटकेची सगळी पद्धत घालून दिली, अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. नव्या कायद्यात ठराविक गंभीर गुन्ह्यांत आणि सराईतांना बेड्या घालायची मुभा दिलीये, पण रस्त्यातून फिरवायची मुभा कुठल्याच कायद्यात नाही.

पण तत्त्व बाजूला ठेवा, तुमच्याच फायद्याचं सांगतो. गाड्या फोडणारी पोरं रात्री तोंडाला रुमाल बांधून आलेली असतात, बघणारे एक-दोघे, ते आरोपींना आधीपासून ओळखत नसतात. अशा केसमध्ये ओळख परेड महत्त्वाची असते, म्हणजे जेलमध्ये तशाच दिसणाऱ्या माणसांमध्ये आरोपीला उभं करायचं आणि साक्षीदाराने ओळखायचं. म्हणूनच आरोपीला कोर्टात आणताना बुरखा घालतात, त्याची लाज राखायला नाही, पुरावा राखायला. आता ज्याला तुम्ही गच्चीतून बघितलं, ज्याचा व्हिडिओ सगळ्या गल्लीच्या मोबाईलवर फिरला, त्याला ओळखण्याला काय अर्थ राहिला? बचाव पक्षाचा वकील उलटतपासात पहिला प्रश्न हाच विचारणार, तुम्ही ह्याला आधी कुठे पाहिलंत. मी दोन्ही बाजूंनी काम केलंय, खात्रीने सांगतो, अशा धिंडीचा सगळ्यात मोठा फायदा आरोपीलाच होतो.

मुठाकाठची

धायरीकर दादा, तुमची गाडी फुटली त्यानंतर केस कुठवर आली, चार्जशीट झालं का, आरोपी आत आहेत का बाहेर, हे तुम्हाला कोणी सांगितलं का? मी खोचकपणे नाही विचारत. नव्या संहितेत कलम १९३ मध्ये आहे की ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची, फोनवर मेसेज करून पण चालतं. आमच्या काकूंची केस जुनी म्हणून त्यांना ते लागू नव्हतं बहुधा, पण तुमची नवीन असेल.

धायरीकर

नाही, कोणी सांगितलं नाही. धिंडीचं पण मला व्हॉट्सअपवर कळलं. एफआयआरची कॉपी मिळाली होती, त्यानंतर काही नाही.

ओळख परेडचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो पटला. टाळ्या वाजवल्या त्याचं मात्र वाईट वाटून घेणार नाही, कारण त्यावेळी आमच्या वाट्याला तेवढंच आलं होतं. पण हे ९० दिवसांचं लेखी विचारायला उद्याच जातो. पोलीस स्टेशनला अर्ज द्यायचा ना, पोच घेऊन?

वकील_शनिवारातला

हो, तपास अधिकाऱ्याच्या नावाने, एफआयआर नंबर घालून, आणि पोच घ्याच.

निवृत्त_बेंचक्लार्क

मी ह्या टेबलच्या पलीकडे बसायचो म्हणून लिहितो. नोकरी सगळी जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या कोर्टांत झाली, तालुक्याला पण आणि शहरात पण. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या यादीत, सत्तर-ऐंशी मॅटर असतात, कधी शंभरच्या वर, त्यात साक्षीचे पाच-सहा. साहेबांना एका साक्षीला तास-दीड तास लागला की बाकीच्यांचं गणित बिघडतं, पण हे गणित सकाळी अकरालाच क्लार्कला अंदाजाने माहीत असतं. म्हणजे तुमच्या काकूंचं आज होणार नाही हे साडेचारला नाही, साडेबाराला कोणाला तरी कळलेलं असणार. सांगितलं नाही कारण सांगणं हे कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. शिपायाला पुकारा करायचा, मला रोजनामा लिहायचा, वकिलांना पुढच्या कोर्टात पळायचं. मुठाकाठची ताई, तुम्ही जे पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय ते मी नोकरीत असताना आतून बघत होतो, माणूस दिवसभर दारात उभा असतो आणि त्याला सोडून सगळ्यांना माहीत असतं.

आता चांगलं सांगतो. एका तालुक्याच्या कोर्टात एक साहेब आले, वयाने तरुण. ते डायसवर बसले की पहिलं मॅटर घ्यायच्या आधी विचारायचे, आज साक्षीला कोण कोण आलंय, हात वर करा. मग तिथल्या तिथे वाटणी. तुमची जेवणाआधी घेऊ, तुमची तीननंतर, तोवर बाहेर जाऊन चहा पिऊन या, तुमची आज नाही होणार, आरोपीला आणलेलं नाही, तुम्ही हजर होता असं लिहून घेतो, पुढची कुठली तारीख जमेल, कांदा काढणी कधी आहे? हे विचारायचे शेतकऱ्यांना. सगळं मिळून सात-आठ मिनिटं लागायची. आणि त्या कोर्टात साक्षीदार दुसऱ्यांदा बोलावला तरी यायचा, वॉरंट काढायची वेळ फार कमी यायची. वेळ वाया जातो म्हणणाऱ्यांनी हे बघायला पाहिजे होतं.

दुसऱ्या एक मॅडम होत्या. ऊसतोडीला जाणारी एक बाई साक्षीला उभी, आणि समोरचे वकील तिला "तू तेव्हा कुठं होतीस, तू खोटं बोलतीस" असं चालू. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, वकीलसाहेब, साक्षीदाराशी अहो-जाहो बोला, मग पुढचा प्रश्न घेईन. कोर्टात एकदम सगळे नीट बसले. त्या बाईने नंतर इतकी व्यवस्थित साक्ष दिली, तारीख-वेळेसकट, मी स्वतः टाइप करून घेतली आहे. आधी ती नुसती मान हलवत होती आणि मान हलवलेली रेकॉर्डवर घेता येत नाही.

स्टाफची बाजू पण एक ओळ. संध्याकाळी सात-आठपर्यंत बसून फायली लावतात लोक, शिपाई एकटा तीन ठिकाणी पळतो. त्याला पण कोणी नीट बोलत नाही, वकील नाही, पक्षकार नाही. त्याने पुढे काकूंना नीट बोलावं ही अपेक्षा बरोबरच आहे, पण त्याच्याशी पण कोणी तसं बोललं पाहिजे.

स्नेहल_प

बेंचक्लार्क काका, खूप धन्यवाद हे लिहिल्याबद्दल.

माझा अनुभव दोन टोकांचा आहे. घटस्फोटाची केस चालू असताना कौन्सेलर मॅडमनी दार लावून, फोन बाजूला ठेवून ऐकून घेतलं, मुलाला भेटायच्या खोलीत खेळणी होती, कोणी घाई केली नाही. पण त्याच्या आधी रात्री तक्रार द्यायला एका चौकीत गेले होते तेव्हा टेबलाशी उभं करून सगळ्यांसमोर विचारत होते, कुठे मारलं, कशाने मारलं, आधी पण मारायचा का, मग आजच का आलात. मागे एक माणूस मोबाईल हरवल्याची तक्रार द्यायला आलेला, तो पण ऐकतोय. त्या हवालदाराचा हेतू वाईट होता असं मला आजही वाटत नाही. त्याला तो फॉर्म भरायचा होता. पण बाजूला एक खोली रिकामी होती, दिवा चालू होता तिथे, मला ती दिसत होती आणि मी त्याला विचारू शकले नाही की आपण तिथे बसू का.

मग काही वर्षांनी मैत्रिणीसोबत दुसऱ्या पोलीस स्टेशनला गेले तेव्हा मीच म्हणाले, आतल्या खोलीत बोलूया आणि महिला अधिकारी असतील तर बोलवा. दोन्ही झालं. म्हणजे विचारलं तर होतं पुष्कळदा, पण ज्याच्यावर प्रसंग आलाय त्याला विचारायचं बळ नसतं, म्हणून सोबत कोणीतरी पाहिजेच.

आणि टॉयलेटचं कोणी हसण्यावारी नेऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ह्यावरच अख्खा निकाल दिलाय, की सगळ्या कोर्टांत पुरुष, महिला, अपंग आणि तृतीयपंथी ह्यांच्यासाठी स्वच्छ स्वतंत्र सोय पाहिजे, आणि हा घटनेच्या कलम २१ खालचा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. दिवसभर पाणी न पिता बसलेली बाई उलटतपासाला काय उत्तरं देणार.

हडपसर_ते_स्टेशन

मी रिक्षा चालवतो. माझ्या लहान भावावर मारामारीची केस, खरी किती खोटी किती ते कोर्ट ठरवेल मी इथे त्याची बाजू मांडत नाही. त्याला जामीन मंजूर झाला, आई देवाला नारळ फोडून आली, पण भाऊ घरी नाही. का तर जामीनदार पाहिजे, ऐपतीचा दाखला असलेला. आम्ही मूळ धाराशिवकडचे, मामाच्या नावावर जमीन आहे, सातबारा घेऊन मामा एसटीने आला तर म्हणले इथला माणूस पाहिजे. इथे आमचे सगळे भाड्याच्या खोलीत, सातबारा कोणाचा आणणार. बाहेर एक जण भेटला, जामीनदार देतो म्हणला पैसे घेऊन, आई घाबरली. मग मी कल्याणीनगरची ती २०२४ ची गाडीची केस आठवतो, त्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोन जीव गेले आणि बाल न्याय मंडळाने काही तासात त्याला जामीन दिला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, अख्खं पुणं पेटलं होतं तेव्हा. आमच्यासाठी कोण पेटणार. मुलाखतीला आई जाते, लायनीत उभी राहते, दोन शब्द बोलून येते, आल्यावर जेवत नाही.

वकील_शनिवारातला

भाऊ, पैसे घेऊन जामीनदार देणाऱ्याच्या नादी लागू नका, बोगस निघाला तर भाऊ परत आत जाईल आणि तुमच्यावर पण येईल.

तुमची केस ऐकून मला १९७८ चा मोतीराम निकाल आठवला. मध्य प्रदेशातला गवंडी होता, दहा हजारांचा जामीन सांगितला आणि त्याच्या भावाची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून जामीनदारी नाकारली. कृष्ण अय्यर न्यायमूर्तींनी साफ सांगितलं की जिल्हा वेगळा म्हणून नाकारता येणार नाही. शिवाय ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाप्रमाणे जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचंय, आणि महिन्यात जामीनदार जमला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. कॅश बेलचा अर्ज पण करता येतो, म्हणजे रोख भरून आधी सुटका आणि जामीनदाराला मुदत.

वकिलाचे पैसे द्यायला लागू नयेत म्हणून लोक अभिरक्षक कार्यालयात जा, तिथे आरोपीला फुकट वकील मिळतो, ते ह्याचसाठी आहे. जो कोठडीत आहे त्याला उत्पन्नाची अट नाही, फुकट वकील हा त्याचा हक्क आहे, उपकार नाही. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना पण उत्पन्नाची अट नाही. फोन लावायचा असेल तर १५१०० नंबर आहे.

निवृत्त_बेंचक्लार्क

कल्याणीनगरबद्दल माझं एकच म्हणणं. अल्पवयीन मुलाशी कायदा मवाळ वागतो तो विचार करून केलेला आहे, तो बदलू नये. लोकांचा राग मला समजतो, कारण वस्तीतल्या मुलाला आणि त्याच्या आईला तीच शांतपणे ऐकून घेणारी वागणूक कधी मिळते हे कोणालाच दिसत नाही. ती मिळाली पाहिजे, त्या मुलाची काढून घेऊन चालणार नाही. आणि ज्यांची मुलं गेली त्यांच्याशी कोण काय बोललं, त्यांना आधी टीव्हीवरून कळलं का कोर्टातून, हा प्रश्न मला जास्त टोचतो.

दौंडकर

मी दौंड-शिरूर पट्ट्यात पारधी वस्तीवरच्या मुलांच्या शाळेसाठी काम करतो. आमच्याकडे चोरी झाली की तपास वस्तीवरून सुरू होतो. नाव विचारायच्या आधी जात विचारतात, आणि जात सांगितली की मग नाव विचारायची गरजच उरत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला, वस्तीवर तो विमुक्त दिन म्हणून पाळतात, पण रेकॉर्डवरचा संशय काही विमुक्त झाला नाही. एक चौदा वर्षांचा पोरगा, सायकल स्वतःची, जिल्हा परिषदेच्या योजनेतली, पावती घरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली. आता तो कुठेही जाताना ती पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवतो. त्याला कोणी सांगितलं नाही, त्याचं त्याने ठरवलं.

३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने जेलमधल्या जातिभेदावर निकाल दिला, एका पत्रकार बाईंच्या याचिकेवर. जातीवरून झाडूकाम देणं, जातीप्रमाणे वेगळं ठेवणं, रजिस्टरमधला जातीचा रकाना, हे सगळं घटनाबाह्य ठरवलं, आणि विमुक्त जमातीच्या लोकांना मनमानी अटक करू नका असं पण सांगितलं. मी त्यातला भाग मराठीत सांगितला वस्तीवर. एक आजी म्हणाल्या, हे ठाण्यात पण वाचून दाखवा. मी फौजदारसाहेबांना कॉपी दिली, त्यांनी घेतली, वाचली, आणि पुढच्या वेळी चौकशीला आले तेव्हा गाडी वस्तीच्या बाहेर लावून चालत आले आणि थेट ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलले. छोटी गोष्ट आहे पण त्या दिवशी पोरं पळून उसात लपली नाहीत.

ओंकार_बाणेर

भाषेचं कोणी लिहिलं नाही म्हणून. खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे असं सरकारने १९९८ लाच जाहीर केलंय ना? मग आमच्या जागेच्या केसचा आदेश इंग्रजीत का आला? वडील मराठी माध्यमाचे, मास्तर होते, स्वतःच्या केसचा निकाल मला वाचून दाखव म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

वकील_शनिवारातला

जाहीर केलंय, आणि साक्ष मराठीतच नोंदवतात बहुतेक. आदेशाचं न्यायाधीशांवर अवलंबून राहतं. अटकेच्या बाबतीत मात्र आता कडक झालंय, नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला कळेल अशा भाषेत द्यायची. दिवाणीत पण वडिलांच्या वकिलांनी मराठीत समजावून सांगायला हवं होतं, हे आमच्या वकील लोकांचं काम आहे आणि आम्ही त्यात फार कमी पडतो. फी घेतो, तारीख सांगतो आणि फोन ठेवतो.

मुठाकाठची

काकूंची पुढची तारीख झाली. सकाळी लवकर जाऊन सरकारी वकील मॅडमना भेटलो, काकूंचं वय सांगितलं, आरोपी शेजारी उभा राहतो ते सांगितलं. त्यांनी काकूंना आतल्या बाजूला बसवलं आणि त्यांचाच जबाब त्यांना वाचायला दिला. साक्ष जेवणाआधी सुरू झाली, उलटतपास राहिलाय. खुर्ची मागायला लागली नाही, न्यायाधीशांनीच दिली. मंगळसूत्राचा अर्ज केलाय.

इथले अजून कोणी साक्षीला जाणार असतील आणि सोबत कोणी नसेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी आणि स्नेहल दोघी आळीपाळीने यायला तयार आहोत, आधी तारीख कळवा म्हणजे रजा टाकता येईल.

चिंचवडची_सून

हा धागा आत्ताच सापडला. माझ्या सासऱ्यांना अपघाताच्या केसमध्ये साक्षीचं समन्स आलंय, त्यांना कमी ऐकू येतं, मशीन लावतात पण गर्दीत त्याचा उपयोग होत नाही. ते म्हणतायत मला प्रश्न ऐकू नाही आला आणि भलतंच उत्तर गेलं तर एखादा निर्दोष माणूस अडकेल, त्यापेक्षा जातच नाही. पण नाही गेलं तर वॉरंट निघेल ना? आणि जबाबाला पोलीस परत ठाण्यात बोलावतायत.

वकील_शनिवारातला

ताई, ठाण्यातलं आधी. ६० वर्षांवरच्या माणसाला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी येऊन जबाब घ्यायचा, नव्या संहितेचं कलम १७९. ते स्वतःहून जायला तयार असतील तर गोष्ट वेगळी. फोनवर सांगा, नाही ऐकलं तर लेखी द्या.

कोर्टाचं : जायला हवं, गैरहजर राहायचा अर्ज पण नको. ऐकू न येणारे साक्षीदार हे असुरक्षित साक्षीदारांच्या व्याख्येत येतात, जानेवारी २०२२ चा महाराष्ट्रातल्याच केसमधला सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे, अशांसाठी वेगळी साक्ष नोंदवायची केंद्रं सगळ्या जिल्ह्यांत करायला सांगितली आहेत, शांत खोली असते. कानाच्या डॉक्टरांचा दाखला घ्या, आणि सरकारी वकिलांमार्फत अर्ज द्या की साक्ष त्या केंद्रात घ्यावी, ते जमत नसेल तर प्रश्न लिहून दाखवावेत. आणि सासऱ्यांना सांगा, प्रश्न ऐकू नाही आला तर "ऐकू आलं नाही, परत विचारा" एवढंच म्हणायचं, कितीही वेळा. अर्जाचा मसुदा मी व्यनित पाठवतो, केस नंबर तेवढा त्यात भरा.